पाच सेंटांचा नंदी

"हे घासलंय कुणी?" भिंगावरून डोळा न काढता म्हाताऱ्या व्यापाऱ्याने डचमध्ये विचारलं.

"मी," योगिनी म्हणाली. "रोज घासते. बावीस वर्षं झाली, एक दिवस चुकला नाही."

हे सांगताना तिच्या आवाजात थोडा अभिमानच होता. म्हाताऱ्याने भिंग खाली ठेवलं आणि तिच्याकडे असं काही पाहिलं, की शेजारी उभ्या असलेल्या जुईने आईचा हात धरला.

हार्लेममधल्या एका चर्चच्या सभागृहात जुन्या नाण्यांचा बाजार भरला होता. उइटहॉर्नहून बस बदलत मायलेकी तिथवर पोचल्या होत्या. नाणं अमेरिकेचं, पाच सेंटांचं. एका अंगाला पिसं माळलेल्या माणसाचा चेहरा, दुसऱ्या अंगाला मान खाली घातलेला, वशिंडाचा रानबैल. योगिनीचे वडील बोटीवर इंजिनाचं तेलपाणी करत. कुठल्याशा बंदरातून त्यांनी ते आणलं होतं. आईने उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "अहो, हा तर नंदी." देव्हाऱ्यातल्या पिंडीपुढे नंदी नव्हताच, तो त्या दिवशी आला. आई गेल्यावर पिंड आणि नंदी दोन्ही योगिनीकडे आले, आणि पुढे रुमालात गुंडाळून तिच्याबरोबर इथे नेदरलँड्समध्ये.

महिन्यापूर्वी जुईने मोबाइलवर हुबेहूब तसंच चित्र शोधून काढलं. "आई, लुक. नाइन्टीन ट्वेंटी सिक्स, आणि खाली छोटा एस. पीपल पे थाउजंड्स फॉर धिस." बैलाच्या पायांखाली, अगदी कडेला, एस होता. साल काही दिसत नव्हतं. पण जाणकाराला दिसेल, असं दोघी धरून चालल्या होत्या.

योगिनीला ओव्हरलॉकचं मोठं मशीन घ्यायचं होतं. अकरा वर्षं नवऱ्याच्या व्हिसावर काढल्यानंतर गेल्या वर्षी तिने शिवणकामाचा व्यवसाय स्वतःच्या नावाने नोंदवला होता. यतीन म्हणाला होता, "अगं, मी देतो ना घेऊन. शेठाणीबाईंचा मान काही जात नाही त्यात."

"मशीन माझं असणार आहे, यतीन. तू फक्त जिन्यावरून वर चढवायचं."

तरी नंदी विकायचा म्हणजे जिवाला लागणारच. तीन सोमवार निर्जळी धरून तिने महादेवाला सांगितलं होतं, पितळेचा आणते, याहून मोठा आणते, रागावू नकोस.

"या नाण्यावर साल इथे असतं, माणसाच्या खांद्यावर," म्हातारा म्हणाला. "सगळ्यात उंच भाग हाच, म्हणून आधी हाच झिजतो. कशाने घासता?"

"चिंच, आणि वर रांगोळीची पूड."

रांगोळी म्हणजे काय, हे जुईने त्याला समजावलं. दगडाची पूड हे ऐकल्यावर त्याने क्षणभर डोळे मिटले.

"सालाशिवाय याला किंमत नाही, मेफ्राउ. फार तर एक युरो देईन." मग तिचा चेहरा पाहून त्याने खालून एक छोटी बाटली काढली. "याचा थेंब टाकला तर झिजलेला आकडा वर येतो. डाग मात्र कायमचा राहतो, आणि भावही फारसा वाढत नाही. पण कोणतं साल ते कळेल."

"टाकू दे ना, आई. डोन्ट यू वॉन्ट टु नो?"

लहानपणी आरती संपायची वाट पाहत योगिनी ते आकडे वाचत असे. एक, नऊ, दोन. शेवटचा काही केल्या आठवेना. बाटलीचं बूच उघडलेलं होतं.

"नको," ती म्हणाली.

"बट व्हाय?"

"समज, सहाच निघाला. मग रोज पूजेला बसल्यावर मला महादेव दिसायचा नाही गं, मशीन दिसेल."

तिने नाणं उचलून रुमालात बांधलं. म्हातारा निरोपाला उठला, तसं त्याच्या कोटाचं अस्तर अजूनच खाली लोंबलं. आल्यापासून ते तिच्या डोळ्यांत सलत होतं.

"तुमचं अस्तर सुटलंय. खिसापण फाटलाय आतून."

"माहीत आहे. दोन हिवाळे झाले."

"द्या इकडे. पुढच्या शनिवारी आणून देते. पंचवीस युरो होतील."

"आई," जुई पुटपुटली.

म्हातारा हसला. खिशातल्या किल्ल्या आणि भिंगं त्याने टेबलावर काढून ठेवली आणि त्या गारठलेल्या सभागृहात कोट उतरवून तिच्या हातात दिला. "वीस," तो म्हणाला.

"पंचवीस. बटणंही ढिली आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी यतीन चहाचा कप घेऊन दारात थांबला. योगिनी ताम्हनापुढे बसली होती, बोटांवर चिंच.

"अजून घासतेस?"

"काळा पडेल नाहीतर."

माणसाच्या खांद्यावरच्या गुळगुळीत जागी तिचा अंगठा थोडा रेंगाळला. मग तिने नाणं पाण्यातून काढलं, पदराने टिपलं, बैलाचं तोंड पिंडीकडे करून ठेवलं आणि त्याला कुंकू लावलं.

पोथी संपवून ती जुन्या मशीनशी आली. डब्यातली राखाडी रिळं एकेक करून तिने कोटाशी लावून पाहिली. तिसरं जुळलं.