आठवा ट्रॅक

घरच्यांनी त्याला जन्मापासून छोटू म्हटलं आणि सहासष्टाव्या वर्षीही तो छोटूच राहिला. बाहेर मात्र त्याला मान होता. साउंड रेकॉर्डिस्ट म्हणून त्याने चाळीसेक वर्षं काम केलं, पण लोक त्याला ओळखत ते एकाच अल्बममुळे. पस्तीस वर्षांपूर्वी त्याने आपल्या वहिनीची सोल या अमेरिकी गायनशैलीतली सात गाणी रेकॉर्ड केली होती. अल्बम सुरुवातीला रखडत खपला, मग गाजला, आणि पुढे रेकॉर्डिंग शिकवणाऱ्या वर्गांत नमुना म्हणून ऐकवला जाऊ लागला.

वाखाणलं गेलं ते त्यातलं मोकळेपण. त्या काळी सोल म्हटलं की गायिकेच्या मागे ट्रंपेट, सॅक्सोफोन, ऑर्गन असा सगळा लवाजमा असायचा आणि वर घुमणाऱ्या आवाजाची जाड साय. या अल्बममध्ये ड्रम, बेस गिटार आणि वहिनी, बस्स. तिचा आवाज इतका जवळ की ओळीआधी घेतलेला श्वासही ऐकू यायचा. आणि ओळ संपली की ती थांबायची. दोन मात्रा, कधी चार, कधी त्याहून जास्त. ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागायचा. त्या थांबण्यावर समीक्षकांनी पानंच्या पानं लिहिली. मुलाखतींत छोटूला विचारत, एवढं सगळं वगळायचं धाडस तुम्हाला सुचलं कसं. तो म्हणायचा, कमी केलं की जास्त ऐकू येतं. हे वाक्य त्याने इतक्या वेळा सांगितलं होतं की आता ते त्याला खरंच वाटायचं.

वहिनीला जाऊन चार वर्षं झाली होती. अल्बम नव्याने काढायचं रेकॉर्ड कंपनीने ठरवलं आणि तिथल्या टेपा सांभाळणाऱ्या बाईंचा छोटूला फोन आला. मूळ टेप सापडली होती. आवाज नव्याने साफ करायचा तर तुम्हीच समोर असायला हवं, असं त्या म्हणाल्या. छोटू दुसऱ्याच दिवशी सकाळी गेला.

बाई पन्नाशीच्या, चष्मा गळ्यात दोरीने अडकवलेला, कामात चोख. जुन्या टेपचा चिकटा सुटतो म्हणून त्यांनी ती आठ तास मंद उबेच्या कपाटात ठेवून सुकवली होती. तिच्यावर आठ ट्रॅक होते, म्हणजे एकाच टेपवर शेजारीशेजारी आठ वेगळे आवाज. एक ते सहा अल्बममध्ये वापरलेले. सातव्यावर ट्रंपेट-सॅक्सोफोन आणि अगदी कडेच्या आठव्यावर ऑर्गन. डब्यात छोटूच्याच अक्षरातली चिठ्ठी होती: सात आणि आठ खराब, ओल लागून कड फुगली आहे, वापरू नये.

"पण सर, हे दोन्ही ट्रॅक ठणठणीत आहेत," बाई म्हणाल्या. "कडेला ओरखडासुद्धा नाही. तेव्हा कुणाचा तरी गैरसमज झाला असणार."

त्यांचा आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता. मूळच्या भरगच्च साथीसह दुसरी तबकडी काढायची, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. साथीची बांधणी दादाची, म्हणजे छोटूच्या थोरल्या भावाची, वहिनीच्या नवऱ्याची. त्याची परवानगी लागणार होती, तेव्हा सोमवारी त्याला फोन करते, असं त्या सहज बोलून गेल्या. छोटूने त्यांना अडवलं. तुम्ही करू नका, मीच भेटून सांगतो, एवढं तो कसाबसा म्हणाला. मग त्याने विनंती केली की मला जरा एकट्याला ऐकू द्या.

गैरसमज कुणाचाच झाला नव्हता. ओल लागलीच नव्हती.

सातही गाणी दादाने बसवली होती. ऑर्गन तोच वाजवायचा. वहिनी काचेच्या एका बाजूला, दादा पलीकडच्या खोलीत, कानांवर हेडफोन, आणि सगळे एकदमच वाजवत. रेकॉर्डिंग संपलं आणि त्याच आठवड्यात दोघांचे वडील आजारी पडले. त्यांच्या ऑपरेशनसाठी दुसऱ्या शहरात जाऊन राहणं भाग होतं. तू मिक्सिंग कर, मी बाबांकडे बघतो, असं सांगून दादा निघून गेला. तीन आठवडे छोटू त्या गाण्यांपाशी एकटाच होता. एका दुपारी काहीतरी तपासताना त्याने साथीचे दोन्ही ट्रॅक बंद केले आणि वहिनीचा उघडा आवाज ऐकून त्याच्या अंगावर काटा आला. असं कुणी केलंच नव्हतं. आणि हे दादाला सुचलेलं नव्हतं, त्याला सुचलं होतं. आयुष्यभर सगळं दादाला आधी सुचत आलं होतं.

दादाला विचारलं असतं तर तो वाद घालत बसला असता. निदान छोटूने तेव्हा स्वतःची समजूत तशी घातली. दादा परतला तेव्हा तबकडी छापायला गेली होती. कडेच्या ट्रॅकना ओल लागली, पुन्हा वाजवायला वेळ नव्हता, असं छोटूने सांगितलं. दादा म्हणाला, गेलं तर गेलं. वहिनीने पहिली प्रत ऐकली तेव्हा तिने एवढंच विचारलं, "आणि हे कुठे गेले?" छोटूने तिलाही तेच सांगितलं.

अल्बम गाजत गेला तसा दादा गाणी बसवण्यातून अंग काढून घेत गेला. उघड काही बोलला नाही. शाळांमधले पियानो सुरात लावण्याचं काम त्याने धरलं आणि निवृत्त होईपर्यंत तेच केलं.

छोटूने आता आठवा ट्रॅक उघडला. त्याला मनातून हवं होतं ते हेच, की ऑर्गन वाईट निघावा. पहिलं गाणं ऐकून त्याला हायसं वाटलं, कारण साथ खरंच जास्त होती. दुसरंही तसंच. तिसऱ्या गाण्यात मात्र वहिनीची पहिली ओळ संपली, ती थांबली, आणि त्या जागेत ऑर्गन बोलला. तिने काही विचारावं आणि त्याने खालच्या आवाजात उत्तर द्यावं तसा. तिने पुढची ओळ उचलली ती त्या उत्तराच्या शेवटच्या सुरावरून. ऑर्गनसमोरच्या मायक्रोफोनने दादाची गुणगुणही पकडली होती. तो तिचे शब्द तिच्यासोबत पुटपुटत होता.

छोटूने ऑर्गन बंद करून पाहिला. ते प्रसिद्ध थांबणं परत आलं. पुन्हा सुरू केला. थांबणं कुठेच नव्हतं. वहिनी कधी थांबलीच नव्हती, ती नवऱ्याचं ऐकत होती. जिला लोक पस्तीस वर्षं शांतता म्हणत आले ती दोघांच्या बोलण्यातली एक बाजू होती, आणि दुसरी त्याने कापली होती. सहाव्या गाण्यातही तेच निघालं. त्याने हेडफोन काढले आणि बाईंनी आणून ठेवलेला चहा पार गार होईपर्यंत तो तसाच बसून राहिला.

रविवारी सकाळी तो दादाकडे गेला. त्र्याहत्तर वर्षांचा दादा तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत एकटा राहायचा. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून तो मटार सोलत होता. छोटूला समोर बसवून त्याने चार शेंगा त्याच्याहीपुढे सरकवल्या. गुडघे, रक्तदाब, खालच्या मजल्यावरच्या नळाची गळती असं सगळं बोलून झालं. जिना चढताना जुळवलेली वाक्यं छोटूच्या तोंडून निघेनात. शेवटी तो जे बोलला ते त्यातलं नव्हतंच.

"दादा, त्या टेपला ओल लागली नव्हती. मी खोटं बोललो होतो."

दादाने हातातली शेंग पूर्ण सोलली. मग तो म्हणाला, "खिडकी मी उघडी टाकली होती."

छोटूला कळेना. तेव्हा दादाने सांगितलं की बाबांकडे निघायच्या संध्याकाळी तो टेपांच्या खोलीत सिगारेट ओढत बसला होता. वास राहू नये म्हणून टेपांच्या फळीच्या वरची खिडकी उघडली आणि लावायला विसरला. त्यानंतर सलग तीन दिवस पाऊस होता. ओल लागली असं छोटूने सांगितलं त्या क्षणी त्याला खिडकी आठवली. वहिनीला त्याने सगळं सांगितलं आणि तिची माफी मागितली. ती जाऊ द्या म्हणाली आणि पुढे तिने त्याचा उच्चारही केला नाही. पण आपल्या निष्काळजीपणाने आपलं काम गेलं, आणि गेलं तेच बरं झालं असं सगळी दुनिया म्हणते, हे घेऊन तो इतकी वर्षं जगला होता.

"मला खिडकीचं माहीत नव्हतं," छोटू म्हणाला.

"तू कुठे विचारलंस?"

दादाचा आवाज चढला नव्हता. त्याने वाटीत बोटं फिरवत विचारलं, "वाईट होतं का रे ते? म्हणून काढलंस?"

हो म्हटलं असतं तर छोटू सुटला असता, आणि कदाचित दादालाही ते सोपं गेलं असतं. त्याने खरं ते सांगितलं. पाच गाण्यांत साथ जास्त होती. तिसऱ्यात आणि सहाव्यात ती वहिनीच्या आवाजाइतकीच गाण्याची होती. "ती थांबायची ना, ते तुझ्यासाठी होतं. मी तुला काढलं आणि तिचं थांबणं तेवढं ठेवलं."

दादाला नंतरचे कार्यक्रम आठवले. पुढे वहिनी स्टेजवर ती गाणी गायची तेव्हा तो समोरच्या खुर्च्यांत बसायचा. "तिथेही ती तेवढीच थांबायची," तो म्हणाला. "मी खाली बसून मनातल्या मनात वाजवायचो. मला वाटायचं, माझी आपली सवय. तिला काय वाटत असेल हे कधी विचारलं नाही. खिडकी माझी होती ना. कुठल्या तोंडाने विचारणार?"

छोटूला रडू फुटलं. दादाने त्याला गप्प केलं नाही आणि उठून बाहेरही गेला नाही. वाटी भरेपर्यंत मटार सोलत राहिला.

तीन दिवसांनी दादा टेप ऐकायला आला. उतारवयात त्याला उंच सूर ऐकू येईनासे झाले होते, त्यामुळे ट्रंपेट त्याच्यापर्यंत जवळजवळ पोचलाच नाही. ऑर्गन पोचला. तिसरं गाणं त्याने दोनदा मागून घेतलं. पहिल्यांदा तो डोळे मिटून होता. दुसऱ्यांदा कपाळाला आठ्या घालून, जुन्या दिवसांत ऐकायचा तसा. मग हेडफोन काढून म्हणाला, "दुसऱ्या कडव्यात मी फार वाजवलंय. तिथे काढायलाच हवं होतं." जरा थांबून म्हणाला, "दोघांनी बसून काढलं असतं."



बाईंनी दुसऱ्या तबकडीचा विषय काढला तेव्हा दादा नको म्हणाला. तिने आयुष्यभर ही गाणी लोकांना माहीत होती तशी गायली. आता तिला विचारता येत नाही, तर तिच्या माघारी काही बदलायचं नाही. एक प्रत मला द्या, तेवढी पुरे. बाई हिरमुसल्या, पण त्यांनी आग्रह केला नाही. नव्या अल्बमसोबतच्या पुस्तिकेत मी खरं काय ते लिहितो, असं छोटू म्हणाला. दादाने मान हलवली.

"लिही. पण त्यातही स्वतःला मोठं करू नकोस."

छोटूने मजकूर चार वेळा लिहिला. प्रत्येक खेपेला वाचताना त्याच्या लक्षात यायचं की चूक कबूल करणारा माणूसच त्यात भाव खाऊन जातोय. अखेर पाच ओळी उरल्या. गाणी कुणी बसवली, ऑर्गन कुणी वाजवला, तो कुणाला न विचारता कुणी काढला आणि त्यासाठी कोणती थाप मारली, आणि गायिका कुणाचं ऐकून थांबत होती.

अल्बम निघाला. एका परीक्षणात लिहून आलं की या कहाणीने त्या शांततेची खोली आणखीच वाढली आहे. ते वाचून छोटूने पुढची परीक्षणं वाचणं सोडलं. रेकॉर्डिंगच्या दोन वर्गांनी त्याला बोलायला बोलावलं. तो गेला नाही.

त्या दिवशी टेप ऐकून निघताना दादा त्याला म्हणाला होता, काही दिवस घरी येऊ नकोस, मी बोलावीन. छोटूने वाट पाहिली. सात महिने गेले. दोनदा तो त्याच्या इमारतीच्या फाटकापर्यंत जाऊन परत फिरला. आठव्या महिन्यात दादाचा फोन आला. कपाट सरकवायचं होतं, एकट्याने जमत नव्हतं.

छोटू गेला. दोघांनी धापा टाकत, एकमेकांना "तिकडून, तिकडून" करत कपाट भिंतीला लावलं. दादाने चहा केला. नळ अखेर दुरुस्त झाल्याचं सांगितलं. आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. पलंगाशेजारच्या स्टुलावर गाणी ऐकायचं लहानसं यंत्र होतं आणि त्याला एकच हेडफोन जोडलेला. दादाचं लक्ष छोटूच्या नजरेकडे गेलं. एकदा सोबत ऐकू या का, हे शब्द छोटूच्या अगदी ओठांवर आले होते, पण जीभ रेटेना. दादानेही विचारलं नाही. त्याने उठून कपबशा उचलल्या आणि त्या विसळता विसळता, जिन्यावरचा दिवा गेलाय, उतरताना जपून जा, असं सांगितलं.