सतरंजीखालचे पांढरे दाणे

मित्रांनो, मी एक जुनी सतरंजी. निळ्या-तांबड्या पट्ट्यांची, हातमागावर विणलेली, आता कडांना विरलेली. माझ्यावर कोण बसलं ते सगळ्यांना दिसतं. माझ्याखाली काय सरकवलं, ते फक्त मलाच कळतं. म्हणून माझा स्वभाव जरा संशयी आहे.

माझा उमेदीचा काळ झरी गावात गेला. लग्न कुठल्याही पाड्यावर असो, मला खांद्यावर टाकून नेत. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, माझ्यावर बसून गाणी म्हणायची. "गादीवानी हाय हो!" असं म्हणत म्हाताऱ्या माझ्यावरून हात फिरवत. मी फुलून जाई. पण त्याच लग्नांत लोक माझ्या काठाखाली विझलेल्या विड्या आणि माशांचे काटे खुपसत. तेव्हापासून कुणी काठ उचलला की मी सावध होते.

पुढे गावात प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. मला गुंडाळून माळ्यावर टाकलं. उंदरांनी माझा एक कोपरा खाल्ला, तरी कुणी विचारपूस केली नाही.

२०१६ साली झरीच्याच संगितानं मला खाली काढलं, धुतलं आणि डहाणू रोडला नेलं. तिथं एका व्यसनमुक्ती केंद्रात ती नर्स होती. अफू, गर्द, नशेच्या गोळ्या यांतून सुटू पाहणारी माणसं तिथं येत. त्यांना रोज तलफ आवरणारी एक पांढरी गोळी जिभेखाली ठेवायला देत. ती विरघळेपर्यंत बोलायचं नाही. तेवढा वेळ संगिता सगळ्यांना माझ्यावर गोल बसवी. डोळे मिटायचे, खांदे सैल सोडायचे, आलेला श्वास आणि गेलेला श्वास बघायचा. मग मनात साचलेलं बोलायचं. मनावरचा ताण उतरला की तलफही सैल पडते, असं ती सांगे.

पण डोळे मिटतो कोण? जो तो शेजाऱ्याकडे किलकिल्या डोळ्यांनी बघे. अच्छाडच्या ढाब्यावर भांडी घासणारा नविन तर चपला गुडघ्याखाली घेऊन बसे.

"नविन, चपला दाराशी काढ की," संगिता म्हणे.

"ताई, हितं सगळे माझ्यासारखेच. म्हणून तर काढत नाय!"

सगळे हसत. मी हसत नसे. त्याच्या गुडघ्याखाली मला कधीकधी ओल लागे.

दुसरा सुकऱ्या. नाक्यावर ट्रकमधला माल उतरवताना त्याची पाठ गेली, पाठीसाठी गोळ्या घेतल्या आणि गोळ्यांवरून तो गर्दवर गेला. आता तो उपचाराला धरून होता. त्याची बायको रखमी रोज त्याच्याबरोबर येऊन बाहेर पायरीवर बसे. पुन्हा गर्दला हात लावलास तर पोरांना घेऊन माहेरी जाईन, असं तिनं बजावलं होतं. हा सुकऱ्या बसण्याआधी माझा काठ उचली आणि चिमटीतलं काहीतरी पांढरं खाली ठेवी. मला वाटलं, गोळीच.

एक दिवस संगिता आली ती कपाळाला आठ्या घालून. केंद्राची गोळी अच्छाडला एका ढाब्यामागे सापडली होती. जो गोळी लपवेल त्याचे उपचार बंद, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

नविन लगेच म्हणाला, "ताई, सुकऱ्याच्या खाली बघा ना. रोज काय तरी सरकवतो. सफेद हाय."

"सुकऱ्यादादा, उठा जरा."

सुकऱ्या उठेना. त्यानं दोन्ही तळवे माझ्यावर दाबले.

"दादा, उठा म्हणते ना!"

तो उठला. संगितानं माझा काठ उलटा केला. खाली तांदळाचे दाणे होते.

"भगताचं हाय, मंतरलेलं," सुकऱ्या पुटपुटला. "रखमीनं आणलं. बसशील तिथं खाली ठेव, म्हंजे वाईट काय जवळ येत नाय, बोलली. तुमाला सांगितला असता तर तुमी बोलला असता, भगताकडंच जा, हितं येऊ नको."

कुणीतरी फिस्सकन हसलं. संगिता हसली नाही. "माझ्या आईनं माझ्या पाळण्याखाली हेच दाणे ठेवले होते," ती म्हणाली. "तरी मी तुम्हाला उठवलं. चुकलं माझं, दादा. गोळी घ्या आणि दाणेही ठेवा. फक्त गोळी चुकवू नका."

दाणे पुन्हा जागेवर ठेवून तिनं माझा काठ नीट केला. सुकऱ्या बसला. त्याचे खांदे सैल झाले, ते मला त्याच्या बैठकीवरून समजलं. त्या दिवशी त्यानं पहिल्यांदाच डोळे मिटले असावेत.

नविन मात्र ताठ होता. त्याच्या चपलेखाली गोळी होती, तोंडातून काढून चिकटवलेली. केंद्र बंद असलं तर काय करू, या भीतीनं तो गोळ्या ढाब्यामागे साठवत होता. हे त्यानं नंतर स्वतःच गटात सांगितलं.

पण त्याआधी, दुसऱ्या दिवशी तो आला, तेव्हा त्याच्या चपला दाराशी होत्या. संगितासमोर त्यानं गोळी जिभेखाली ठेवली. ती विरघळल्यावर तोंड उघडून दाखवलं. मग तो सुकऱ्याजवळ टेकला.

"भगताचं तांदूळ उरलंय काय रे?"

"कशाला? मला पुन्हा उठवायला?"

"नाय रे. माझ्याबी खाली दोन ठेव."

सुकऱ्यानं सरकून त्याला जागा दिली. मग खिशात हात घातला.

मित्रांनो, मी आता फार जुनी झाले. मला अधूनमधून ऊन दाखवा, ओलीच गुंडाळू नका, उंदरांपासून जपा. आणि मला झटकताना खाली पांढरे दाणे दिसले, तर ते केराबरोबर लोटू नका. कुणाचे आहेत, ते आधी विचारा.