काचेआडची भट्टी

मित्रांनो, दारातून आत आलात की डाव्या हाताला काचेआड जी चकचकीत दिसते ना, ती मी. चांदी वितळवायची जुनी भट्टी. हात लावू नका म्हणे! अहो, हात लागले म्हणूनच तर मी जगले.

माझा जन्म शाहूपुरीतल्या एका कारखान्यातला. तिथून मी या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत आले. पोरं माझ्यावर शिकायची. चुकायची, चटके खायची, पुन्हा पेटवायची. वीस वर्षं मला उसंत नव्हती.

मग हुपरीहून झुंबरबाई आल्या. त्या घरी बसून पैंजणांचे जोड झाळायच्या, म्हणजे आचेवर डाग देऊन सांधायच्या, आणि झाळताना निघणाऱ्या धुरानं त्यांची छाती भरून यायची. आमच्या प्रयोगशाळेतल्या उदयसिंह सरांनी झाळायसाठी बिनधुराचं मिश्रण शोधायला घेतलं. सरांकडे पुस्तकं होती, पण चांदीला हवा तेवढा ताव नेमका कधी आला हे बाईंच्या नजरेलाच कळायचं. तीन वर्षं दर मंगळवारी त्या एसटीनं आल्या आणि मिश्रण जमलं! सर म्हणाले, "मावशी, हे हुपरीच्या घराघरांत जाणार." मी तिथंच होते, ऐकलंय मी.

पुढे विद्यापीठात उद्योजकता केंद्र निघालं. आमच्या संशोधनाची कंपनी झाली, सर तिचे संचालक झाले. खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला होता. शिकवणंही चालेल, उद्योगही चालेल, असं सगळे म्हणत होते. मला मात्र घासूनपुसून इथं शोभेला मांडलं. पोरं आता माझा व्हिडिओ बघून शिकतात.

परवा झुंबरबाई आल्या. त्यांनी आठवणीनं केलेलं नवं मिश्रण घरच्या शेगडीवर जोड धरत नव्हतं. एकदा इथं करून बघायचं होतं, एवढंच.

"मावशी, कृती आता कंपनीची हाय," सर खाली बघत म्हणाले. "करार झालाय. भायेरच्यांना दाखवता येत न्हाई."

"भायेरची? मी?" बाईंना खोकल्याची उबळ आली. "आवो सर, ताव बघायला माझ्याकडनंच शिकलासा की!"

बाई आल्या तशा परत गेल्या. घरी जाऊन पुन्हा त्याच धुरात बसल्या असतील.

मित्रांनो, हा विश्वासघात आहे, दुसरा शब्द नाही. विद्यापीठानं कंपन्या काढाव्यात, खुशाल काढाव्यात. पण जिच्याकडून शिकलात, तिलाच दाराबाहेर ठेवता? उद्या तुम्ही इथं सरांच्या खुर्चीवर बसाल, तेव्हा मला पुसत बसू नका. काच काढा, झुंबरबाईंना बोलवा आणि मला पेटवा. तोवर त्यांची छाती दम धरेल की नाही, ते मात्र मला ठाऊक नाही.