लख्ख टब

शाळेच्या मागच्या अंगणात, नळाच्या पलीकडे, माझ्या चौथीचं तळं होतं. तळं म्हणजे एक कान तुटलेला मोठा प्लास्टिकचा टब. पुस्तकात परिसंस्थेवर दोन पानं आहेत. ती वाचून दाखवली असती तर काम संपलं असतं, पण मला नसती उठाठेव करायची भारी हौस.

गाळ, पाणवनस्पती, गोगलगायी आणि बेडकाची पिल्लं मुलांनीच आणली. पाणी हिरवं व्हायची आम्ही रोज वाट पाहिली. पिल्लं टबाच्या कडेचं शेवाळ खातात हे पोरांनी भिंग लावून स्वतः शोधलं, तेव्हा वर्गात असा गोंगाट झाला की शेजारच्या तिसरीच्या बाई कंबरेवर हात ठेवून दारात येऊन उभ्या राहिल्या. पुढे काही पिल्लांना मागचे पाय फुटले. मधल्या सुट्टीत मी त्या टबाशी बसायचे. दिवसभरात तेवढाच वेळ मला आपण शिक्षिका आहोत असं वाटायचं. बाकी वेळ मी तक्ते भरायचे.

मोठ्या बाईंच्या डोळ्यांत मात्र टब खुपत होता. सोमवारी तपासणीला साहेब येणार होते. मोठ्या बाईंनी मुलांदेखत मला बजावलं की तेव्हा टब असा घाण दिसला तर उचलून फेकायचा आणि तिथे सायकली लावायच्या. मी वाद घातला नाही. डोकं ठणकत होतं. हिरवं म्हणजे घाण नव्हे हे साहेबांनाच समजावू, असं ठरवून मी घरी जाऊन आडवी झाले.

आमच्या शाळेत दर आठवड्याला सगळ्यांत स्वच्छ वर्गाच्या दारावर झेंडा लागतो. तो आमच्या दारावरून हलायचं नाव घेत नव्हता. घासण्यापुसण्यात माझ्या पोरांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

सोमवारी मी पोचले तेव्हा ती सगळी बाह्या दुमडून, घामाघूम होऊन उभी होती. टब लखलखत होता. शिपाईमामांकडून ब्रश आणि धुण्याची पावडर मागून त्यांनी तो आतून घासला होता. नळाचं स्वच्छ पाणी भरलं होतं आणि बादलीत जपून ठेवलेली पिल्लं त्यात परत सोडली होती.

"बाई, वाचला टब," वर्गाची आजीबाई म्हणाली. पोरगी एवढीशी, पण चार पावसाळे जास्त पाहिल्यासारखी बोलते, म्हणून हे नाव.

पाण्याला पावडरचा वास येत होता आणि पिल्लं तळाशी पडली होती. काही उताणी तरंगत होती. ती दमून झोपलीत, असं आजीबाईनेच मला समजावलं. माझ्यात ओरडायचंही त्राण नव्हतं. कोणावर ओरडणार?

तेवढ्यात मोठ्या बाई साहेबांना घेऊन आल्या. असं निर्मळ पाणी साहेबांनी कुठल्याच शाळेत पाहिलं नव्हतं म्हणे. मोठ्या बाईंची कळी खुलली. टब इथेच राहील, असं त्यांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं. मला हायसं वाटायला हवं होतं. मला रडू येत होतं.

साहेबांनी वाकून आजीबाईला विचारलं की यात कोण कोण राहतं. तिने माझ्याकडे पाहिलं. मग पाण्यात हात घालून पाय फुटलेलं एक पिल्लू तळहातावर घेतलं. बोटाने हळूच हलवलं. पुन्हा हलवलं.

"आता कुणी नाही राहत," ती म्हणाली. "आम्ही त्यांचं खाणं घासून टाकलं."

साहेब कसनुसं हसले आणि पुढच्या वर्गाकडे वळले. आता हा कायम असाच राहिला पाहिजे, असं मोठ्या बाईंनी जाता जाता मला सांगितलं.

शाळा सुटली तरी आजीबाई टबापाशीच होती. पिल्लं तिने मातीत पुरली होती.

"बाई, पुन्हा हिरवं होऊ द्यायचं तर मोठ्या बाईंना विचारावं लागेल ना?"

मी मान हलवली. कधी, असं तिने विचारलं. उद्या बघू, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. मी तिचा ओला हात धरला आणि आम्ही मोठ्या बाईंच्या खोलीकडे निघालो. माझे पाय उचलत नव्हते, तीच मला ओढत होती.