तारेचे दोन वेढे

माझी मुलगी पाण्याखालच्या बोगद्यांचे नकाशे काढते. लोक विचारतात तेव्हा मी नुसतं "मोजणीचं काम" म्हणतो, कारण पुढचं सांगितलं की समोरचा माझ्याकडे दयेने बघतो.

मी स्वतः चाळीस वर्षं क्रेनला माल बांधला. या धंद्यात शाबासकी मिळत नाही. बांधलेलं सुटलं नाही तर कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि माझं कधी सुटलं नाही.

त्या आठवड्यात तिला पाण्याने भरलेल्या एका जुन्या खाणीत उतरायचं होतं. वाटेत एक जागा इतकी अरुंद, की पाठीवर सिलिंडर घेतलेला माणूस तिथे अडकून बसेल. म्हणून ही मंडळी सिलिंडर पाठीवर घेतच नाहीत, दोन्ही बगलांखाली अंगालगत लटकवतात. पल्ला लांबचा असला की आणखी दोन जादा घेतात. हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा आमची ही म्हणाली होती, "काखेत कळसा म्हणतात तो हाच होय!"

ते जादाचे दोन सिलिंडर बांधून तयार करायचं काम मुलीने माझ्याकडे दिलं. तिला वेळ नव्हता हे खरं, आणि घरी बसलेल्या बापाला काहीतरी उद्योग द्यावा हेही खरं. मला दोन्ही कळत होतं.

नमुना म्हणून तिने एक जुना सिलिंडर पुढ्यात ठेवला. पोटावर स्टीलचा गोल पट्टा. पट्ट्यापासून सिलिंडरच्या मानेपर्यंत जाड दोरी, हाताला पकड मिळावी म्हणून तिच्यावर पाइपचा तुकडा चढवलेला. श्वासाची नळी लोंबू नये म्हणून सायकलच्या ट्यूबचे दोन गोल तुकडे. दोरीच्या दोन्ही टोकांना एकेक हुक, कुत्र्याच्या साखळीला असतो तसा. वरचा छातीपाशी अडकवायचा, खालचा कमरेपाशी. हे सगळं ठीक होतं. पण हुक त्या जाड दोरीला बांधला होता तो बारीक नायलॉनच्या दोरीने.

"बाबा, हुकाला ही बारीक दोरीच वापरा हं. दुसरं काही नाही."

"या दोरीने मी तुटकी चप्पलसुद्धा बांधणार नाही."

"मला अगदी अशीच हवीय," ती म्हणाली, आणि फोन वाजला म्हणून बाहेर गेली.

का, ते मी विचारलं नाही. चाळीस वर्षं लोक मला विचारत आले होते. पोरगी काटकसर करतेय असा मी अर्थ काढला आणि गॅलरीत जुनी चादर पसरून कामाला बसलो.

काम चोख केलं. पट्ट्याच्या कडा कानस मारून गुळगुळीत केल्या. मग प्रत्येक हुकाला आधी स्टीलच्या तारेचे दोन वेढे घातले, पकडीने पीळ मारला, टोकं आत दाबली, आणि वरून तिची दोरी अशी गच्च गुंडाळली की तार कुणाला दिसायची सोय नाही.

एकीला दिसली. "पडद्याची दोरी सहा महिने लोंबतेय, तिला सवड नाही," ही दारातून म्हणाली. "आणि तार कशाला? पोरीने दोरी सांगितली होती ना?"

"तुला यातलं काय कळतं?"

"यातलं नाही, तुमच्यातलं कळतं. सुंभ जळलं तरी पीळ जात नाही."

शनिवारी सकाळी आम्ही खाणीवर गेलो. मुलीबरोबर उतरणारा जोडीदार होता, त्याला सगळे लंबू म्हणतात. अंगावर सगळं चढवून झाल्यावर त्याने चाकू काढला. त्यांची एक पद्धत आहे. उतरण्याआधी जाड हातमोजे घालून, डोळे मिटून, हुकाची एक दोरी कापून बघायची, आणि मग ती पुन्हा बांधायची.

"राहू दे रे," मुलगी म्हणाली. "बाबांनी बांधलंय. त्यात काय बघायचं?"

माझी छाती फुगली हे कबूल करतो. ती एक सिलिंडर घेऊन पाण्याकडे गेली, तेव्हा मी लंबूला जरा शिकवायला गेलो. "बांधलेलं कापून काय बघता? ओढून बघावं."

तो हसला. "काका, दोरी तुटेल याची भीती नसते, न तुटण्याची असते. गेल्या वर्षी माझा खालचा हुक आत लोखंडी जाळीत रुतला. पुढे जाता येईना, मागे सरता येईना. दोरी कापली, सिलिंडर तिथेच सोडला आणि घरी आलो. तारेने बांधलेला असता तर अजून तिथेच असतो."

दुसरा सिलिंडर खांद्यावर टाकून तो तिच्याकडे निघून गेला.

मुलगी कमरेइतक्या पाण्यात उभी होती. तिने डावीकडचा जादाचा सिलिंडर अडकवला, आधी वरचा हुक, मग खालचा. काही अडकणार नाही, पोरगी हुशार आहे, लंबूसमोर शोभा कशाला, असं बरंच काही डोक्यात येत होतं. तिने उजवीकडचाही अडकवला. मी तरीही मूग गिळून उभा होतो. मग तिने श्वासाची नळी तोंडात धरली आणि चष्मा खाली ओढला.

"थांब," मी म्हटलं. "हुकांना तार आहे."

तिने नळी काढली. "काय?"

"दोरीच्या आत तार आहे. मी घातलीय. चारही हुकांना."

तिने खालच्या हुकावर चाकू घासला. दोरी सुटली, तार चकाकली आणि पातं तिच्यावरून नुसतं घसरत राहिलं. शिव्या दिल्या असत्या तर मी खाल्ल्या असत्या. ती पाण्यातून बाहेर आली आणि लंबूला म्हणाली, "गाडीतून पक्कड आण."

तारा मीच कापल्या आणि नवी दोरी मीच बांधली. डोळ्यावर पट्टी बांधूनही जे मी केलं असतं, त्यात त्या दिवशी दोनदा हात चुकला. तिने हातमोजे घातले, डोळे मिटले आणि एक दोरी कापली. मी एक-दोन म्हणायच्या आत हुक खाली पडला होता.

"पुन्हा बांधा," ती म्हणाली.

मी बांधली. मग तिने चारही गाठी तपासल्या. हुक उलटा करून, उजेडाकडे धरून, नखाने दोरी बाजूला सारून. नव्या कामगाराचं काम मी असंच तपासायचो. लहानपणी मी बांधलेल्या झोक्यावर ही पोर पळत येऊन बसायची, वर बघायचीसुद्धा नाही. मला फार वाईट वाटलं. सकाळी तिने बघितलं नव्हतं ते केवळ मी बाप होतो म्हणून, हे मनात आलं आणि मी तिथेच दगडावर बसलो.

अडीच तासांनी दोघं वर आली. काही अडकलं नव्हतं, काही कापावं लागलं नव्हतं. तारेचे हुकही तसेच परत आले असते. हे तिलाही माहीत आहे आणि मलाही, आम्ही त्यावर बोलत नाही.

पडद्याची दोरी मी दुसऱ्याच दिवशी बांधली. पुढच्या रविवारी मुलगी घरी आली. खिडकीपाशी उभी राहून आईशी गप्पा मारता मारता तिचा हात त्या दोरीकडे गेला. तिने ती ओढून बघितली, मग गाठ उलटी करून बघायला लागली. मध्येच लक्षात आलं तशी थबकली आणि दोरी सोडून दिली. ही माझ्याकडे बघत होती.

"का सोडलीस?" मी म्हटलं. "नीट बघ."