डेलमरचं मत

"साध्या कडीनं काही होणार नाही. साखळी आणि कुलूपच लागेल," डेलमर म्हणाला. सगळ्यांनी माना वळवून त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा त्याला जाणवलं की आज मीटिंगमध्ये आपण पहिल्यांदाच तोंड उघडलं.

हेझल ग्लेन सोसायटीची मीटिंग क्लबहाउसात चालू होती आणि विषय होता वसाहतीच्या मागच्या कुंपणातलं फाटक. फाटकापलीकडे झाडांची एक रांग होती आणि झाडांपलीकडे ट्रेलरांची, म्हणजे चाकांवरच्या पत्र्याच्या घरांची वस्ती. तिथले लोक या फाटकातून येत आणि वसाहतीतल्या वाटेनं दुकानांकडे जात. त्यांची पोरं वसाहतीतल्या तळ्याकाठी गळ टाकून बसत.

"मला त्या लोकांबद्दल काही म्हणायचं नाही, पण..." अशी प्रत्येकाची सुरुवात होत होती, आणि त्या 'पण'नंतर प्रत्येक जण तेच म्हणत होता. चेअरमन क्रेग लुंडीन तसा भला माणूस. बर्फ पडला की शेजारच्या विधवा बाईंची वाट न सांगता साफ करणारा. त्यानंच विचारलं होतं, "डेल, शाळांच्या इमारती तू सांभाळतोस, तुला यातलं कळतं. कडी पुरेल का?" आणि डेलमरनं कळत होतं ते सांगितलं होतं.

"तर मग, जे साखळीच्या बाजूनं आहेत त्यांनी हात वर करा," क्रेग म्हणाला.

हात वर झाले. त्यात डेलमरचाही झाला.

झाडांच्या रांगेतून दिसणाऱ्या पहिल्याच पांढऱ्या ट्रेलरमध्ये डेलमरची थोरली बहीण लोरीन राहत होती.

डेलमर आणि लोरीन दोघंही त्याच ट्रेलरमध्ये वाढलेली. बाप केंटकीच्या डोंगरातून कारखान्याच्या कामासाठी डेटन शहरात आला होता. इथल्या धुरानं का कशानं, आई लवकर गेली. बाप कारखान्यातून सुटला की दारूच्या गुत्त्यात. लोरीननं शाळा सोडली, इस्पितळाच्या लाँड्रीत चादरी धुवायला लागली आणि डेलमरला वाढवलं. त्याचे शाळेचे बूट, त्याची पहिली गाडी, लग्नातला सूट, सगळं तिच्या हातून आलं. तिनं लग्न केलं नाही. "तुझ्यासारखं एक पोर पुरं झालं की," ती हसून म्हणायची.

डेलमर शिकला, शाळांच्या बॉयलरवर कामाला लागला, वर चढत गेला. बायको जॅनेल अशाच एका उपनगरात वाढलेली. तिच्या माणसांत ऊठबस करता करता त्याची डोंगरी बोली गळून पडली. मग झाडांच्या अलीकडे हेझल ग्लेनची घरं उभी राहू लागली आणि डेलमरनं त्यातलं एक घेतलं. "लोरीनजवळ राहता येईल," तो जॅनेलला म्हणाला होता. ते खरं होतं.

त्याला इथं फार बरं वाटायचं, हेही खरं होतं. संध्याकाळी मागच्या ओट्यावर बसावं, कापलेल्या गवताचा वास यावा, शेजाऱ्यानं लांबून हात हलवावा. कोणाच्या घरातून आरडाओरडा नाही, दार आपटणं नाही. लहानपणी झोपेत ज्या गोष्टींची भीती वाटायची त्यातली एकही इथं नव्हती. इथं कोणी तुम्ही मूळचे कुठले म्हणून विचारत नसे. विचारलं तर डेलमर "डेटन" म्हणे. एकदा अंगणातल्या जेवणात कोणीतरी केंटकीच्या डोंगरातल्या अडाण्यांचा विनोद सांगितला, आणि सगळ्यांबरोबर डेलमरही हसला. रात्री दात घासताना त्याला ते हसू आठवलं, आणि तो आरशासमोरून बाजूला झाला.

एकदा क्रेगनं विचारलं होतं, "ती एक बाई भांडं घेऊन तुमच्याकडे येते ना रविवारी, ती कोण?"

"ओळखीची आहे," डेलमर म्हणाला होता.

साखळी त्यानंच लावली. "बाहेरचा माणूस कशाला बोलवायचा?" क्रेग म्हणाला, आणि डेलमर दुकानातून चांगल्या पोलादाची जाड साखळी घेऊन आला. हलकं काम त्याला जमतच नसे. कुलूप बसवून त्यानं दोन्ही किल्ल्या क्रेगच्या हातावर ठेवल्या.

"एक ठेव की तुझ्याकडे."

"नको," डेलमर म्हणाला. किल्ली खिशात असती तर दर रविवारी उघडायला यावं लागलं असतं, आणि ते सगळ्यांनी पाहिलं असतं.

घरी जॅनेल म्हणाली, "लोरीनला सांगितलंस?"

"सांगतो."

"डेल, तिला तुझ्याकडून कळू दे. दुसऱ्या कुणाकडून नको."

"सांगतो म्हटलं ना."

रविवारी लोरीन उशिरा आली. मोठ्या रस्त्यानं वळसा घालून, दुखऱ्या गुडघ्यानं, घेवड्याच्या उसळीचं भांडं टॉवेलात गुंडाळून. त्या रस्त्याला पायवाट नाही, गाड्या वेगानं जातात. ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसली आणि दम खाल्ला.

"तुमच्या लोकांनी फाटकाला साखळी ठोकली रं! आन् कसली जाडजूड. जशी काय तितं बँकच हाय."

जॅनेल सिंककडे वळली. डेलमर भांड्यावरचा टॉवेल सोडत राहिला.

"तू बोलला असशील की त्यास्नी," लोरीन म्हणाली.

"बोललो," डेलमर म्हणाला. "कोण ऐकतंय?"

"असू दे. तू बोललास ना, बास झालं. येकटा मानूस काय करनार?" तिनं त्याच्या पाठीवर थाप मारली. "आरं, उसळ गरम हाय तंवर खा."

त्यानं खाल्ली. दोनदा वाढून घेतली. तिला भात्यासारखा दम लागलेला ऐकू येत होता, तरी खाल्ली.

मे महिन्यात एका दुपारी आभाळ हिरवट झालं. वारा एकाएकी पडला, पक्षी गप्प झाले, आणि गावाचा वादळाचा इशारा देणारा भोंगा वाजायला लागला.

डेलमर आणि जॅनेल तळघरात उतरले. रेडिओवर बाई भराभर सांगत होती की टॉर्नेडो पश्चिमेकडे जमिनीला टेकलाय, ज्यांना तळघर नाही त्यांनी पक्क्या इमारतीत जावं. ट्रेलरमध्ये थांबू नये, असं ती पुन्हा पुन्हा बजावत होती.

दर वर्षी भोंगा वाजला की लोरीन फाटकातून यायची आणि तळघरातल्या जुन्या कोचावर विणकाम घेऊन बसायची. दोघांनीही एकाच वेळी त्या कोचाकडे पाहिलं. डेलमरनं फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला.

"रस्त्यानं निघाली असेल का?" जॅनेल म्हणाली. "डेल, या वाऱ्यात ती रस्त्यानं..."

तो पायऱ्या चढून गॅरेजमध्ये गेला, तिथली लोखंड तोडायची लांब दांड्यांची कात्री उचलली आणि मागच्या दारानं धावला. गारा पडायला लागल्या होत्या. हिरवळीवर त्या चेंडूसारख्या उसळत होत्या. कानांवर, मानेवर लागत होत्या.

फाटकापलीकडे दोन माणसं होती. लोरीन उभी होती आणि तिच्या पायाशी, ओल्या गवतात, तिचा शेजारी व्हर्जिल बसला होता. हा म्हातारा नाकात नळी घालून ऑक्सिजनचा सिलिंडर चाकांवर ओढत फिरे. लोरीननं त्याच्या डोक्यावर आपली कपडे वाळत घालायची टोपली पालथी धरली होती. स्वतःच्या डोक्यावर काही नव्हतं. कपाळावरून रक्ताची बारीक धार आली होती.

"आक्का!" डेलमर ओरडला. लहानपणानंतर त्यानं तिला अशी हाक मारली नव्हती. "आक्का, हितं का थांबलीस गं?"

"मला वाटलं तू येशील," लोरीन म्हणाली.

त्यानं कात्री साखळीला लावली आणि दांड्या दाबल्या. पोलादावर नुसता ओरखडा उठला. पुन्हा दाबल्या. मागं कुठंतरी मालगाडी यावी तसा आवाज सुरू झाला होता, आणि त्या बाजूला रूळ नव्हते. डेलमरनं कात्रीची एक दांडी जमिनीला टेकवली आणि दुसरीवर सगळा भार टाकला. त्याच्या तोंडून रडण्यासारखा आवाज निघाला. आपण निवडलेली साखळी किती चांगली आहे हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"दम धर, बाळा," लोरीन कुंपणातून म्हणाली. "सावकाश. व्हतंय."

साखळीची एक कडी तुटली. त्यानं फाटक लाथेनं उघडलं, व्हर्जिलला पोत्यासारखं खांद्यावर घेतलं. लोरीननं सिलिंडर उचलला, आणि तिघं त्या गारांच्या माऱ्यातून धावत घरात आली.

टॉर्नेडो वसाहतीवरून गेला नाही. उत्तरेला वळला आणि शेतांतून निघून गेला. पण तळघरात असताना ते ठाऊक नव्हतं. दिवे गेले, घर वरून कण्हल्यासारखं वाजलं, आणि जॅनेलनं अंधारात लोरीनच्या कपाळावर ओला रुमाल धरून ठेवला.

आवाज ओसरल्यावर व्हर्जिलला बोलायला श्वास सापडला.

"तुझी बहीन समद्यास्नी सांगती," तो डेलमरला म्हणाला. "म्हनती, माझा भाऊ येकटा हुबा ऱ्हायला त्या मीटिंगमधी. आमच्या बाजूनं. आमी म्हनायचो, लोरीन, वाढवून सांगतीस. आता बघितलं डोळ्यांनी." त्यानं हात पुढं केला.

डेलमरनं तो हातात घेतला. काय करणार? लोरीन अंधारात हसत होती. ती हसली की नाकातून बारीक आवाज येई.

आत्ता सांगावं, असं त्याला वाटलं. आत्ता अंधार आहे. त्यानं ओठ ओले केले. तेवढ्यात वरचं दार उघडलं आणि बॅटरीचा झोत पायऱ्यांवरून खाली आला.

"कोणाला लागलं नाही ना?" क्रेग होता. पावसात घरोघर विचारत फिरत होता, तसाच माणूस तो. "सगळे ठीक? देवाची कृपा. आपलं एकही छप्पर गेलं नाही. पण डेल, मागचं फाटक सताड उघडं आहे. साखळीच तोडलीय कुणीतरी."

"मी तोडली," डेलमर म्हणाला.

"तू?" क्रेग मोकळेपणी हसला. भीती सरल्यावर माणसं हसतात तसं. "अरे वा! तूच म्हणायचं कडीनं भागणार नाही, तूच जाऊन साखळी लावायची, आणि तूच तोडायची? मीटिंगमध्ये हात वर केलास तेव्हाच सांगायचं होतंस की!"

झोत फिरत फिरत कोचावर गेला, नळीतून श्वास घेणाऱ्या म्हाताऱ्यावर, आणि कपाळाला रुमाल लावलेल्या बाईवर.

"ही माझी बहीण," डेलमर म्हणाला. "लोरीन. मागं राहते."

क्रेगनं बॅटरी खाली केली. "मला..." तो म्हणाला. "मला खरंच माहीत नव्हतं, बाई." काही लागलं तर कळवा म्हणाला आणि पायऱ्या चढून गेला.

व्हर्जिल आपल्या ओल्या बुटांकडे बघत बसला. डेलमर वाट पाहत होता. लोरीननं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बाप दारू पिऊन यायचा तेव्हा ती त्याला काय काय ऐकवायची! पण ती रुमालाची घडी घालत होती. कोपऱ्याला कोपरा जुळवून, इस्पितळातल्या चादरीसारखी.

"लोरीन, मी तुला सांगणार..."

"व्हर्जिलचा सिलिंडर सरत आला असंल," ती जॅनेलला म्हणाली. "त्याला तेवढं घरी सोडतीस का, बाई?"

"तुम्हा दोघांनाही सोडते."

"माझे कपडे भिजल्यात. तुमची गाडी कशापाय खराब करायची?"

एरवी ती गाडीत बसताना पुढची जागा आपली म्हणून भांडायची, रेडिओचं बटण फिरवायची. जॅनेलनं व्हर्जिलला आधार देऊन वर नेलं.

लोरीन जिना चढली, कठड्याला धरून, एकेक पायरी. समोरच्या दाराशी थांबली आणि डेलमरकडे वळली.

"आभारी हाय," ती म्हणाली. "आसरा दिलात."

मग ती निघाली. फाटक उघडं होतं, तिकडून घर हाकेवर होतं. पण ती वसाहतीच्या पुढच्या दारातून बाहेर पडली आणि मोठ्या रस्त्याला लागली.

डेलमर दारात उभा राहिला. समोरच्या घरातली माणसं अंगणात पडलेल्या फांद्या गोळा करत होती. कोणीतरी त्याला हात केला. त्यानं केला नाही. तो पायरी उतरला आणि तिच्या मागं निघाला.

रस्त्यावर त्यानं तिला गाठलं आणि बरोबरीनं चालू लागला. ती थांबली नाही, परत जा असंही म्हणाली नाही. कडेच्या चरातून गढूळ पाणी वाहत होतं. रस्त्यावर पानं, पत्र्याचे तुकडे, कुणाची तरी छोटी खुर्ची पडली होती. ती लंगडत होती आणि तो तिच्या चालीनं चालत होता. काय बोलावं याची त्यानं मनात जुळवाजुळव केली, आणि प्रत्येक वाक्य त्याला मीटिंगमधल्यासारखं वाटलं.

मागून ट्रक आला, दिवे लावून, पाणी उडवत. डेलमर गाड्यांच्या बाजूला होता. लोरीननं मान वळवली नाही, त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिचा हात तेवढा आला, त्याची ओली बाही धरली, आणि त्याला ओढून गवताच्या बाजूला घेतलं. ती स्वतः रस्त्याकडे झाली.

ट्रक गेला. तिनं बाही सोडली, आणि दोघं चालत राहिली.