माझी कोरडी बिजागरी

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे, पण माझ्यातून कोणी कधी कुठल्या घरात गेले नाही. रेडिओच्या स्टुडिओत मी चौकटीसह नुसताच उभा असे. उंची कमरेएवढी, पुढे सतरंजी आणि मागेही तीच सतरंजी. श्रुतिकेत कोणी आले-गेले की मला उघडायचे आणि लावायचे, एवढेच काम.

श्रुतिकेतले पावलांचे, दारांचे आवाज काढणाऱ्या काकांनी मला घडवले. ते दिवसभर डबे, साखळ्या आणि कागद घेऊन बसत, म्हणून सगळे त्यांना खुडबुडे म्हणत. त्यांनी मला दोन झडपा दिल्या. डावीच्या बिजागऱ्यांना दर सोमवारी तेल मिळे, उजवीच्या बिजागऱ्यांना थेंबही नाही. मला त्याचा राग यायचा.

श्रुतिका दोन भावांची होती. सरळमार्गी थोरला डाव्या झडपेतून अलगद येई. वडिलांचे घर बळकावणारा धाकटा उजवीतून येई, तेव्हा मी लांबलचक करकरत असे. मग थोरला म्हणे, "आलास? दार वाजवायचं असतं." तिथून जे भांडण पेटे, ते ऐकायला लोक हातातली कामे टाकून बसत.

"धाकट्यानं घर बळकावलं नसतं, तर थोरल्याला विचारलं असतं कोणी?" खुडबुडे म्हणायचे.

खरे तर हे दोघे नट जिवलग मित्र होते, एकाच डब्यातून जेवत. धाकटा होणारा नट इतका भिडस्त, की चुकून मला कोपर लागले तरी "सॉरी हं" म्हणे. पण बाहेर भाजीवाली आवाजावरून ओळखून त्याला ऐकवायची, "आधी भावाचं घर सोड, मग भाजी घे." तो हसून सांगायचा, "म्हणजे काम बरं चाललंय आपलं."

एकदा मात्र बसमध्ये एका बाईंनी त्याला सगळ्यांदेखत नाही नाही ते सुनावले. शेजारी त्याची म्हातारी आई बसली होती. ती रडली. ते थोरल्याच्या जिव्हारी लागले. मित्राला न सांगता तो श्रुतिका बसवणाऱ्या साहेबांकडे गेला. "साहेब, त्याला जरा चांगला करा हो. हे बघवत नाही."

साहेबांच्या मनात तेच होते. पुढच्याच भागात धाकट्याने माफी मागितली, घर परत केले. साहेबांनी तेलाचा डबा पाठवला आणि निरोप दिला, "आता ती करकर पुरे." खुडबुडे नको नको म्हणत राहिले. त्यांचे कोण ऐकतो! शिपायाने माझ्या उजव्या बिजागऱ्यांत तेल ओतले. खोटे कशाला बोलू, मला फार बरे वाटले. एकदाची माझीही कोणी काळजी घेतली, असे वाटून मी फुशारलो.

त्यानंतर दोघे भाऊ सारखेच अलगद येऊ लागले. थोरला विचारी, "बरा आहेस ना?" धाकटा म्हणे, "बरा आहे." पुढे बोलणार काय? लोक कंटाळले. सातव्या आठवड्यात धाकट्याला कथेत परगावी पाठवले आणि त्या नटाला घरी. निघताना त्याने माझी उजवी झडप उघडून पाहिली. मी हूं की चूं केले नाही. ती हळूच लावून तो गेला. त्याला पुन्हा कोणी बोलावले नाही. दोन महिन्यांनी श्रुतिकाही बंद पडली. दीड वर्षाने तो वारल्याची बातमी आली. त्या दिवशी खुडबुडे माझ्याजवळ बसून होते.

आता मी ओलसर कोठीत पडून आहे. तेल केव्हाच सुकले आणि गंज चढला. परवा थोरला आला, काठी टेकत. जुन्या सामानात मला पाहून त्याने उजवी झडप ढकलली. मी करकरलो, अगदी पूर्वीसारखा.

"आलास?" तो सवयीने म्हणाला.

पुढचे वाक्य त्याच्या तोंडून फुटेना. तो खोक्यावर बसला आणि लहान मुलासारखा रडला. "तुला एकदा विचारायचं तरी होतं रे मी," एवढेच मला ऐकू आले.

मित्रांनो, वस्तूंची निगा जरूर राखा, माणसांचीही राखा. पण तेलाचा डबा घेऊन कोणापाशी जाल, तेव्हा आधी त्याला विचारा. मला तेल हवेच होते, म्हणून मी गप्प बसलो. धाकट्याला तर कोणी विचारलेच नाही.

थोरला जाताना झडप लावायला विसरला. ती अजून उघडीच आहे.